लेक्चर फुकट, सराव कुलुपात

संख्याशास्त्राचा एखादा चांगला व्हिडिओ पाहताना सगळं स्वच्छ कळत असतं. शिकवणारे सर फळ्यावर गणित सोडवतात, प्रत्येक पायरीला आपली मान डोलते, शेवटचं उत्तर येतं तेव्हा ते आपल्यालाही सुचलं असतं असं वाटतं. मग तसंच दुसरं गणित वहीत सोडवायला घ्यावं, तर पहिल्याच ओळीला पेन अडतं. हा अनुभव इतक्या जणांचा आहे, तरी बहुतेक जण त्याचं खापर स्वतःच्याच डोक्यावर फोडतात. आपल्याला गणित जमत नाही, आपलं लक्ष नव्हतं, असं म्हणून व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावतात. पुन्हा सगळं कळतं आणि पुन्हा पेन अडतं.

जगभरच्या विद्यापीठांपुढेही गेली पंचवीसेक वर्षं हेच कोडं आहे. अमेरिकेतल्या एमआयटीने एप्रिल २००१ मध्ये आपल्या अभ्यासक्रमांचं साहित्य कुणालाही फुकट पाहता येईल असं इंटरनेटवर ठेवण्याची घोषणा केली. टिपणं, गृहपाठ, जुन्या प्रश्नपत्रिका आणि पुढे लेक्चरचे व्हिडिओही त्यात आले. २०११ च्या शरद ऋतूत स्टॅनफर्डचे सेबास्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ऑनलाइन कोर्सला सुमारे १,६०,००० जणांनी नाव घातलं. शेवटपर्यंत पोहोचले ते वीस-तेवीस हजार. पुढच्याच वर्षी एमआयटी आणि हार्वर्डच्या एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या व्यासपीठावर इलेक्ट्रॉनिक्सचा पहिला कोर्स झाला. त्याला सुमारे १,५५,००० नोंदण्या झाल्या आणि प्रमाणपत्रं मिळाली ७,१५७ जणांना. या दोन विद्यापीठांच्या एडएक्सवरल्या कोर्सची २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात जी पाहणी प्रसिद्ध झाली, तिच्यानुसार २०१७-१८ मध्ये नाव घातलेल्यांपैकी कोर्स पुरा करणारे सुमारे तीन टक्के होते. नुसतं डोकावायला आलेलेही या नोंदण्यांत धरलेले असतात, तेव्हा या आकड्यावरून कोर्स वाईट होते असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण जगातले उत्तम शिक्षक घरबसल्या, फुकट मिळू लागले, तरी शिकणं त्या प्रमाणात वाढलं नाही, ही गोष्ट उरतेच.

माझं म्हणणं असं की आपण खुलं काय करायचं हे ठरवताना चूक झाली. आपण लेक्चर खुलं केलं. शिकण्याचं खरं काम जिथे होतं तो भाग, म्हणजे प्रश्नाला भिडणं, चुकणं आणि का चुकलो हे तिथल्या तिथे समजणं, बराचसा तसाच राहिला, किंवा पुढे जाणूनबुजून बंद केला गेला.

कळल्यासारखं वाटणं आणि येणं

ज्वारीची भाकरी थापताना शंभरदा पाहिलेल्या माणसाचीही पहिली भाकरी बिघडते. पाहताना हाताची गती दिसते, पण पीठ पुरेसं मळलं गेलं की नाही हे बोटांनाच कळतं. स्वतः थापायला बसलं की कडा फाटतात, म्हणजे मळणं कमी पडलं. भाकरी परातीला चिकटते, म्हणजे खाली पीठ कमी पडलं. यात तीन गोष्टी लागोपाठ घडतात. आधी आपण करून पाहतो, मग चूक स्वतःच आपलं कारण सांगते, आणि सुधारायला पुढचा गोळा लगेच हाताशी असतो. लेक्चर पाहताना या तिन्हींपैकी एकही घडत नाही.

डोक्यात काय होतं ते थोडं बारकाईने पाहू. समोर सोडवलेलं गणित ओळखणं आणि कोऱ्या कागदावर ते मांडणं या दोन वेगळ्या क्षमता आहेत. ओळखायला खुणा समोरच असतात. मांडताना मात्र कुठलं सूत्र लावायचं, सुरुवात कुठून करायची, हे आठवणीतून ओढून काढावं लागतं. असं ओढून काढताना ती आठवण घट्ट होते. २००८ मध्ये कार्पिकी आणि रोडिगर या मानसशास्त्रज्ञांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतले ४० शब्द अर्थासकट शिकवले. शब्द एकदा बरोबर आला की काही जणांकडून तो पुन्हा पुन्हा आठवून घेतला. बाकीच्यांना तो फार तर पुन्हा वाचायला दिला, विचारला मात्र नाही. आठवड्यानंतर पहिल्यांना सुमारे ८० टक्के शब्द आठवले आणि दुसऱ्यांना साधारण एक तृतीयांश. मला यातली सर्वांत महत्त्वाची वाटते ती एक बाजूची नोंद. आठवड्यानंतर किती शब्द आठवतील असं आधी विचारलं, तेव्हा सगळ्या गटांचा अंदाज सारखाच, जवळपास निम्म्यांचा होता. आपलं शिकणं पक्कं झालंय की नाही, हे शिकणाऱ्याला आतून कळत नाही.

हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेला आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग याच्याही पुढे जातो. काही विद्यार्थ्यांनी सफाईदार लेक्चर ऐकलं, तर काहींनी तोच भाग गटात प्रश्न सोडवत शिकून घेतला. चाचणीत प्रश्न सोडवणारे पुढे होते. ‘तुम्ही किती शिकलात?’ या प्रश्नाला मात्र लेक्चर ऐकणाऱ्यांनी स्वतःला जास्त गुण दिले. प्रश्नाशी झटताना अडखळायला होतं, आणि त्या अडखळण्याचा अर्थ विद्यार्थी ‘मला येत नाही’ असा लावतो. म्हणूनच विद्यार्थ्यांना काय आवडलं एवढ्यावर कोर्स बेतला, तर तो हळूहळू व्हिडिओंचाच होत जातो.

एक प्रश्न, तीन उत्तरं

पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने हे ओळखून २००२ मध्ये ह्यूलेट फाउंडेशनच्या मदतीने ‘ओपन लर्निंग इनिशिएटिव्ह’ हा उपक्रम सुरू केला. तिथे जॉन अँडरसन आणि त्यांचे सहकारी १९८० च्या दशकापासून विद्यार्थ्याला पायरीपायरीने मदत करणारे संगणकीय शिकवणी-प्रोग्रॅम बनवत होते. त्यामुळे या उपक्रमाच्या खुल्या कोर्समध्ये सुरुवातीपासून लेक्चरला दुय्यम जागा मिळाली. पानावर थोडा मजकूर येतो, की लगेच प्रश्न. हे प्रश्न दोन जातींचे आहेत. काही शिकण्यासाठी असतात. त्यांना गुण नसतात, हवं तितक्यांदा चुकता येतं आणि मदत मागता येते. काही परीक्षेसाठी असतात आणि ते वेगळे ठेवलेले असतात. हा भेद दिसायला किरकोळ आहे, पण पुढे आपल्याकडच्या कोर्सचा विचार करताना तोच कळीचा ठरणार आहे.

अशा प्रश्नाच्या आत काय दडलेलं असतं ते एका रचलेल्या उदाहरणावर पाहू. एका छोट्या कारखान्यात पाच जणांची महिन्याची कमाई हजारांमध्ये अशी आहे: १५, १२, १४६, १३, १४. यातले १४६ मालकाचे. प्रश्न असा, की या आकड्यांचा मध्यक किती? मध्यक म्हणजे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधे येणारा आकडा. बरोबर उत्तर १४. पण विद्यार्थी दोन वेगळ्या वाटांनी चुकू शकतो. कुणी ४० लिहील. त्याने पाचही आकड्यांची बेरीज करून पाचाने भागलं, म्हणजे सरासरी काढली. सरासरी आणि मध्यक या दोन कल्पना त्याच्या डोक्यात एकच आहेत. दुसरा कुणी १४६ लिहील. मध्यक म्हणजे मधला आकडा हे त्याला पाठ आहे, पण आकडे क्रमाने लावायचे राहिले आणि दिलेल्या यादीतला मधला आकडा त्याने उचलला.

दोन्ही उत्तरं चूकच, पण दोघांना लागणारं औषध वेगळं. दोघांनाही लाल फुली दाखवून ‘चूक, पुन्हा प्रयत्न करा’ म्हटलं तर दोघेही अंदाजाने दुसरं काहीतरी टाकतील. चांगला कोर्स पहिल्याला सांगतो, ‘ही सरासरी झाली. यादीत चाळीस हजार मिळवणारं कुणी आहे का, ते पाहा. एका मोठ्या आकड्याने सरासरी कुठच्या कुठे नेली.’ दुसऱ्याला विचारतो, ‘पाच जणांपैकी किती जणांची कमाई १४६ पेक्षा जास्त आहे?’ तरीही अडलं तर मदतीचं बटण असतं. पहिली मदत व्याख्येची आठवण देते, दुसरी आकडे क्रमाने लावायला सांगते, आणि शेवटची उत्तर सांगून ते का ते समजावते. त्याच्यामागोमाग आकडे बदलून तसाच नवा प्रश्न येतो.

इथे प्रश्न लिहिणाऱ्याचं खरं कौशल्य ४० आणि १४६ हे दोन आकडे निवडण्यात आहे. चुकीचा पर्याय म्हणून उगाच १७ किंवा ९० ठेवले, तर तो प्रश्न विद्यार्थ्याबद्दल काहीही सांगत नाही. कुठल्या चुका होतात हे ज्याने वर्गात वर्षानुवर्षं पाहिलंय, त्यालाच असे पर्याय सुचतात.

> चौकट: सराव खरा की नावापुरता?
> ‘पुढे’ बटण दाबलं की चित्र हलतं, एवढ्याने कोर्स परस्परसंवादी होत नाही. कोर्समध्ये नाव घालण्याआधी त्यातला एक प्रश्न मुद्दाम चुकवून पाहावा. चूक का झाली हे कोर्सला तुमच्या उत्तरावरून ओळखता आलं का? उत्तर लगेच मिळालं का? तसाच दुसरा प्रश्न समोर आला का? तिन्हींची उत्तरं ‘नाही’ असतील, तर ते प्रश्न फक्त हजेरी घेण्यापुरते आहेत.

या रचनेचा आणखी एक फायदा पानावर दिसत नाही. हजारो विद्यार्थ्यांची उत्तरं साठत जातात. एखादं कौशल्य पहिल्यांदा वापरताना किती जण चुकले, दुसऱ्यांदा किती, तिसऱ्यांदा किती, याचा आलेख काढता येतो. तो उतरत गेला तर शिकणं होतंय. तो आडवाच राहिला, तर दोष विद्यार्थ्याचा नसून बहुधा कोर्सचा असतो. आपण ज्याला एक कौशल्य समजत होतो, त्यात दोन-तीन कौशल्यं गुंतलेली असतात आणि त्यातलं एक कुणी शिकवलेलंच नसतं. मग ते पान पुन्हा लिहिता येतं. व्हिडिओचं तसं नाही. प्रेक्षकाने तो कुठे थांबवला एवढंच व्हिडिओवरून कळतं. एडएक्सच्या सुरुवातीच्या कोर्सच्या नोंदींत असं दिसलं की व्हिडिओ कितीही लांब असला, तरी तो पाहण्याच्या वेळेचा मध्यक सहा मिनिटांच्या पुढे गेला नाही. पण सहा मिनिटांनी माणूस कंटाळून गेला, की समजलं म्हणून गेला, हे त्या नोंदी सांगू शकत नाहीत.

पुरावा किती भक्कम?

कार्नेगी मेलनमध्येच या उपक्रमाच्या संख्याशास्त्राच्या कोर्सवर प्रयोग झाला. एका गटाने हा कोर्स आणि आठवड्याला दोनच तासिका अशा पद्धतीने विषय आठ आठवड्यांत पुरा केला, तर नेहमीच्या वर्गाला त्याच विषयाला पंधरा आठवडे लागत. कमी वेळात शिकलेला गट परीक्षेत मागे पडला नाही. पण ते निवडक विद्यार्थ्यांचं नामांकित विद्यापीठ होतं. म्हणून इथाका या संस्थेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मला जास्त मोलाचा वाटतो. तो सहा सरकारी महाविद्यालयीन परिसरांत झाला, सहाशेहून अधिक विद्यार्थी होते, आणि कोण कुठल्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. कोर्स आणि आठवड्याला एक प्रत्यक्ष तासिका मिळालेल्यांचे निकाल नेहमीच्या वर्गाच्या बरोबरीचे आले आणि वेळ सुमारे पाव भाग कमी लागला. बरोबरीचे आले, सरस आले नाहीत. हे मान्य करूनच पुढे जायला हवं.

दुसरा पुरावा जॉर्जिया टेकच्या मानसशास्त्राच्या खुल्या कोर्सचा आहे. त्यात व्हिडिओ होतेच, शिवाय कार्नेगी मेलनच्या उपक्रमातला मजकूर आणि सरावही जोडला होता. केनेथ कोडिंगर आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवलं, की जास्त सराव करणं आणि जास्त गुण मिळणं यांचं नातं व्हिडिओ किंवा वाचन यांच्या नात्यापेक्षा सहापटीहून अधिक घट्ट होतं. यावर लगेच येणारा आक्षेप रास्त आहे. मेहनती मुलंच सराव करतात आणि मेहनती मुलांनाच गुण मिळतात, मग श्रेय सरावाला कसं द्यायचं? संशोधकांनी पुढच्या अभ्यासात यासाठी प्रत्येक विद्यार्थ्याची तुलना त्याच्या स्वतःशीच केली. मूळ मेहनत हेच कारण असतं, तर एखाद्याने तिसऱ्या धड्यात केलेला सराव आणि सातव्या धड्यात केलेला सराव सातव्या धड्याच्या चाचणीला सारखाच उपयोगी पडायला हवा होता. तसं झालं नाही. ज्या धड्याचा सराव केला, त्याच धड्याच्या गुणांना तो जास्त उपयोगी पडला. नुसत्या मेहनती स्वभावाने हे समजावता येत नाही.

शिक्षक नकोत असा अर्थ होतो का?

होत नाही, आणि तो काढला की काय होतं ते सॅन होजे स्टेट विद्यापीठात दिसलं. २०१३ मध्ये तिथे उडॅसिटी या कंपनीबरोबर गणित आणि संख्याशास्त्राचे ऑनलाइन कोर्स सुरू झाले. त्यांत मधेमधे प्रश्नही होते. पहिल्या सत्रात उत्तीर्णांचं प्रमाण प्रत्यक्ष वर्गांपेक्षा बरंच कमी आलं आणि काही महिन्यांतच प्रयोग थांबवावा लागला. त्यांतल्या मूलभूत गणिताच्या कोर्समध्ये आधी त्याच पायरीवर अडलेले विद्यार्थी होते. ज्याला कुठून सुरुवात करावी हेच कळत नाही, त्याला नेमकी चूक दाखवणारा प्रश्नही पुरत नाही. त्याला शेजारी बसून धीर देणारं कुणीतरी लागतं. कार्नेगी मेलन आणि इथाकाच्या अभ्यासांत आठवड्याला शिक्षक भेटत होते, हे विसरून चालणार नाही. फरक एवढाच, की शिक्षक वर्गात येण्याआधी कुठल्या प्रश्नावर किती जण अडले हे पाहून येऊ शकत होते, आणि तासिका त्याच जागी खर्च होत होती.

यंत्राला फसवता येतं, हा आक्षेपही खरा आहे. मदतीचं बटण तीनदा दाबायचं, शेवटी उत्तर येतं ते टाकायचं आणि पुढे जायचं. कार्नेगी मेलनच्याच संशोधकांनी या सवयीचा अभ्यास केला आणि असं करणारे विद्यार्थी कमी शिकतात हेही नोंदवलं. आणि प्रत्येक विषय असा प्रश्नांत बसत नाही. कवितेचं रसग्रहण किंवा इतिहासातला युक्तिवाद तपासायला वाचणारा माणूसच लागतो. संख्याशास्त्र, रसायनशास्त्र, हिशेबतपासणी, व्याकरण, प्रोग्रॅमिंग अशा, चूक ओळखता येण्याजोग्या विषयांपुरताच माझा दावा आहे. पदवीच्या पहिल्या वर्षाला अनेक मुलं अडतात तीही बऱ्याचदा अशाच विषयांत.

कुलूप नेमकं कुठे आहे?

खुले कोर्स चालवणाऱ्यांना पैसे कुठून आणायचे हा प्रश्न लवकरच पडला. कोर्सेराने २०१६ पासून अनेक कोर्समध्ये गुण असलेले स्वाध्याय फक्त पैसे भरणाऱ्यांना ठेवले. एडएक्सनेही २०१८ च्या अखेरीपासून तीच वाट धरली आणि २०२१ मध्ये ते सुमारे ८० कोटी डॉलरला विकलं गेलं. व्हिडिओ तेव्हा फुकट राहिले. वर मांडलेला पुरावा ग्राह्य धरला, तर याचा अर्थ स्पष्ट आहे. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला कमी शिकवणारा अर्धा भाग दिला आणि जास्त शिकवणारा अर्धा भाग काढून घेतला. संस्था चालवायला पैसा लागतो हे नाकारण्यात अर्थ नाही. पण प्रमाणपत्राला पैसे घ्यावेत, माणसाने तपासलेल्या निबंधाला घ्यावेत, परीक्षा केंद्राला घ्यावेत, कारण तिथे प्रत्येक विद्यार्थ्यामागे खर्च होतो. मध्यकाच्या प्रश्नाला यंत्राने दिलेलं उत्तर आणखी एका विद्यार्थ्याला दाखवायला जवळजवळ काहीच लागत नाही. उलट तासाभराच्या व्हिडिओला शेकडो एमबी डेटा जातो, आणि तेवढ्याच वेळाचा लेखी सराव फारच थोड्यात होतो. गावाकडे, नेट धड न चालणाऱ्या ठिकाणी, हा फरक निर्णायक ठरू शकतो.

भारतात परिस्थिती वेगळी आणि काही बाबतीत चांगली आहे. ९ जुलै २०१७ ला सुरू झालेल्या ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावर आणि आयआयटी व भारतीय विज्ञान संस्थेच्या एनपीटीईएल या खुल्या कोर्सच्या उपक्रमात साप्ताहिक स्वाध्याय सगळ्यांना फुकट आहेत. शुल्क लागतं ते परीक्षेला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत विषयांचे श्रेयांक ‘स्वयम्’मधून घेता येतात, म्हणजे हे कोर्स आता हौसेपुरते राहिलेले नाहीत. अडचण आहे ती वेळेची. एनपीटीईएलच्या स्वाध्यायांना अंतिम निकालात २५ टक्के वजन असतं, म्हणून मुदत संपेपर्यंत उत्तरं जाहीर करता येत नाहीत. विद्यार्थी चुकतो सोमवारी आणि त्याला ते कळतं पुढच्या आठवड्यात, तेव्हा तो पुढच्या धड्यात असतो. शिवाय गुण जोडले गेले की उत्तरं व्हॉट्सॲपवर फिरू लागतात. मुलं आळशी आहेत म्हणून हे होतं असं मला वाटत नाही. शिकण्याचा प्रश्न आणि परीक्षेचा प्रश्न एकच ठेवला की हे होणारच. गुणांचे स्वाध्याय आहेत तसे राहू द्यावेत. त्यांच्या आधी बिनगुणांचे, लगेच उत्तर देणारे प्रश्न घालावेत.

मराठीत काय आहे, काय हवं

सुरुवात शून्यातून करायची नाही. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये सॉफ्टवेअर शिकवणारे साधारण दहा मिनिटांचे धडे मराठीतही आहेत, आणि ते नुसते पाहायचे नसतातच. अर्ध्या पडद्यावर धडा, अर्ध्यावर प्रत्यक्ष सॉफ्टवेअर, आणि धडा थांबवून तीच कृती स्वतः करत जायचं, अशी त्यांची बांधणी आहे. तिथल्याच सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि सहकाऱ्यांनी खुल्या कोर्ससाठी जो आराखडा मांडला, त्यात व्हिडिओ मधेच थांबून विद्यार्थ्याला विचार करायला लावणाऱ्या जागा ठरवून ठेवलेल्या असतात. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पातल्या विज्ञानप्रयोगांच्या अनेक संगणकीय प्रतिकृती मराठीत वापरता येतात. विद्युतमंडलाची तार काढली की दिवा विझतो, दुसरा विद्युतघट जोडला की उजेड वाढतो, आणि ‘समजा असं केलं तर?’ या प्रश्नाचं उत्तर पडद्यावरच मिळतं.

उणीव आहे ती प्रश्नांची. एनपीटीईएलच्या अनेक लेक्चरचा मजकूर मराठीत आला आहे आणि त्यामागचे कष्ट मोठे आहेत. पण भाषांतर झालं ते लेक्चरचं, म्हणजे वर मांडलेल्या हिशेबात कमी शिकवणाऱ्या अर्ध्या भागाचं. त्याच मजकुराला जोडून पहिल्या वर्षाच्या संख्याशास्त्र, रसायनशास्त्र आणि हिशेबाच्या विषयांसाठी तिथल्या तिथे चूक समजावणारे मराठी प्रश्न तयार व्हायला हवेत. या कामाला कॅमेरा लागत नाही, स्टुडिओ लागत नाही. खर्च आहे तो शिक्षकांच्या वेळेचा, आणि तो भरघोस मानधन देऊन करायला हवा, कारण मध्यक विचारला की कुठली मुलं ४० लिहितात आणि कुठली १४६, हे दरवर्षी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासणाऱ्या शिक्षकांइतकं कुणालाच ठाऊक नसतं.